सत्तेचा अभ्यास तुमच्या तक्त्यात कुठे बसतो?

प्रति,
मा. अध्यक्ष, विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष व सदस्य, राज्यशास्त्र अभ्यास मंडळे, महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठे

विषय : राजकीय सिद्धांतातलं संशोधन, त्याचं मूल्यमापन आणि ते करणाऱ्यांच्या नेमणुका

महोदय,

६ जानेवारी २०२५ रोजी आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांच्या नव्या नियमावलीचा मसुदा जाहीर केला. त्यात 'उल्लेखनीय योगदाना'ची नऊ क्षेत्रं आहेत आणि उमेदवाराने त्यांपैकी किमान चार क्षेत्रांत काम दाखवावं अशी अपेक्षा आहे. नऊ क्षेत्रं अशी : अध्यापनातले नवे प्रयोग, प्रयोगशाळा उभारणी, सल्लासेवा किंवा प्रायोजित संशोधनाचा निधी, भारतीय भाषांतलं अध्यापन, भारतीय ज्ञानपरंपरा, विद्यार्थ्यांची इंटर्नशिप किंवा प्रकल्प, ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी डिजिटल साहित्य, समाजाशी संबंधित काम, आणि स्टार्टअप.

आम्ही राज्यशास्त्र शिकवतो. लोकशाही म्हणजे नेमकं काय, सत्ता कुणाच्या हाती असते, आणि ती दिसत नसेल तेव्हा ओळखायची कशी, हे आमच्या कामाचे प्रश्न. आमच्यातले काही पूर्णवेळ आहेत, बरेच तासिका तत्त्वावर आहेत, काहींची पीएच.डी. चालू आहे. या यादीत आम्ही कुठे बसतो हे प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. प्रयोगशाळा नाही. स्टार्टअपचा प्रश्न येत नाही. सल्लासेवा विकत घेणारा जो असतो, त्याच्या सत्तेची चिकित्सा हेच आमचं काम, त्यामुळे तो निधी देईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. भाषा, ज्ञानपरंपरा, इंटर्नशिप, डिजिटल साहित्य यांत ओढूनताणून चार भरतीलही. पण एखाद्या संकल्पनेवर दहा वर्षं विचार करून एक पुस्तक लिहिणं, या कामाला नवांपैकी एकही चौकट नाही.

मसुद्यावर हरकती मागवण्यात आल्या, अनेकांनी त्या पाठवल्या. कुलगुरूंच्या निवडीबद्दल राज्यांनी घेतलेल्या आक्षेपांची बरीच चर्चाही झाली. आमच्या विषयाचं काय होणार याबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

आधी नेमणुका-बढत्यांसाठी संशोधनाचे गुण मोजणाऱ्या जुन्या तक्त्याबद्दल, कारण गेली काही वर्षं आमच्या फायली त्याच्याच हिशेबाने लागल्या आहेत. १८ जुलै २०१८ च्या नियमावलीत मानव्यविद्यांच्या शोधनिबंधाला १० गुण आहेत. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०. पुस्तकाच्या अनुवादाला ८, एका प्रकरणाच्या किंवा निबंधाच्या अनुवादाला ३. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. म्हणजे सहा-सात वर्षं खपून लिहिलेला ग्रंथ आणि दोन महिन्यांत उरकलेला निबंध यांच्यात फरक फार तर दोन गुणांचा. शहाणा माणूस काय करेल? ग्रंथाचे आठ तुकडे करेल. प्रत्येक तुकड्यात तीच प्रस्तावना, तेच संदर्भ, तोच निष्कर्ष जरा वेगळ्या शब्दांत. विज्ञानात एका प्रयोगाचा एक निबंध होऊ शकतो. सिद्धांतात युक्तिवाद ही साखळी असते, मधली कडी काढून वेगळी छापली की ती काही ओढत नाही.

निबंधाच्या १० गुणांवर वाढीव गुणही आहेत. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकासाठी ५, एकपेक्षा कमी असेल तर १०, आणि पायरीपायरीने वर जात १० पेक्षा जास्त असेल तर ३०. इम्पॅक्ट फॅक्टर काढताना एखाद्या नियतकालिकातल्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांना यंदा किती ठिकाणी उद्धृत केलं ते मोजतात. वैद्यकशास्त्रात दोन वर्षांत बरंच काही घडतं. आमच्याकडे लेखाला उत्तर यायला दहा वर्षं लागतात, आणि ते उत्तर बहुधा पुस्तकातून येतं, ज्याची मोजणी फारशी होत नाही. राजकीय सिद्धांताची जगातली नामवंत नियतकालिकंसुद्धा या शिडीच्या वरच्या पायऱ्यांजवळ पोहोचत नाहीत. मराठी नियतकालिकांना इम्पॅक्ट फॅक्टर नावाची गोष्टच नाही.

या तक्त्याने एक खरी कारकीर्द मोजून पाहावी, असं आम्ही सुचवतो. रॉबर्ट डाल हे लोकशाही आणि सत्ता या विषयातलं विसाव्या शतकातलं सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. येल विद्यापीठातून १९४० मध्ये पीएच.डी., १९४६ पासून १९८६ पर्यंत तिथेच अध्यापन. १९५७ मध्ये त्यांनी सत्तेची व्याख्या करणारा निबंध लिहिला : 'अ'मुळे 'ब' असं काही करतो जे त्याने एरवी केलं नसतं, तेवढ्या प्रमाणात 'अ'ची 'ब'वर सत्ता आहे. १० गुण. मग ज्या न्यू हेवन शहरात विद्यापीठ होतं तेच शहर त्यांनी अभ्यासाला घेतलं. शहराचा पुनर्विकास, सरकारी शाळा आणि पक्षांच्या उमेदवाऱ्या, या तीन क्षेत्रांतले निर्णय प्रत्यक्षात कुणी घडवून आणले हे पाहिलं. त्यांचा एक विद्यार्थी वर्षभर तिथल्या सिटी हॉलमध्ये बसून काम बघत होता. १९६१ मध्ये पुस्तक आलं. निष्कर्ष असा की, शहर एकाच गटाच्या मुठीत नाही, वेगवेगळ्या क्षेत्रांत वेगवेगळ्या लोकांचं चालतं. अनेक वर्षांचं हे काम, १२ गुण.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. १९६२ मध्ये बाखराख आणि बॅराट्झ या दोघांनी एका छोट्या लेखात विचारलं : घेतलेले निर्णय तुम्ही मोजलेत, पण जे प्रश्न विषयपत्रिकेवर येऊच दिले नाहीत त्यांचं काय? राज्यशास्त्रात सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखांपैकी हा एक. तुमच्या हिशेबाने प्रत्येकी ७ गुण. १९७१ मध्ये क्रेन्सन या संशोधकाने अमेरिकेच्या इंडियाना राज्यातली दोन शेजारची पोलादनगरं घेतली. ईस्ट शिकागोने हवेच्या प्रदूषणावर १९४९ मध्येच नियम केला, गॅरीत तो १९६२ पर्यंत झाला नाही. गॅरीत एकाच बड्या पोलाद कंपनीचं वर्चस्व होतं, आणि विषय दाबण्यासाठी कंपनीला काही करावंही लागलं नाही. १९७४ मध्ये स्टीव्हन ल्यूक्स यांनी साठेक पानांच्या पुस्तकात तिसरी पायरी मांडली : माणसाला काय हवंसं वाटावं हेच सत्ता घडवत असेल तर तक्रार उमटणारच नाही. मग भांडण दिसत नाही म्हणून सत्ता नाही, असं कसं म्हणणार? त्यांचे विद्यार्थी जॉन गॅव्हेंटा यांनी १९८० मध्ये अमेरिकेतल्या ॲपलाचिया या डोंगराळ भागातल्या एका कोळसाखोऱ्यावर हे तपासलं. तिथली बहुतेक जमीन लंडनच्या एका कंपनीच्या मालकीची होती. त्यांनी जमिनीच्या नोंदी, करआकारणी आणि कामगार संघटनेतलं मतदान अशी कागदपत्रं धुंडाळून लोक गप्प का राहिले याचा माग काढला.

एका प्रश्नाला असं वळण यायला १९ वर्षं लागली. आणि डाल? डॉमहॉफ नावाच्या संशोधकाने न्यू हेवनचीच फेरतपासणी करायची ठरवली तेव्हा डाल यांनी स्वतःच्या मुलाखतींची सामग्री त्याला देऊन टाकली. १९७८ मध्ये आलेल्या त्या पुस्तकाने डाल यांना खोडून काढायचा प्रयत्न केला. १९७६ मध्ये डाल यांनी लिंडब्लॉम या सहकाऱ्यासोबत लिहिलेल्या जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, तिच्या प्रस्तावनेत दोघांनी मोठ्या उद्योगांचं राजकारणातलं वजन आपण कमी लेखलं होतं अशी कबुली दिली. १९८५ मध्ये डाल कारखान्यांतल्या लोकशाहीबद्दल लिहीत होते. ल्यूक्स यांनीही २००५ मध्ये जुन्या पुस्तकाला दोन नवी प्रकरणं जोडून स्वतःची व्याख्या दुरुस्त केली. तुमच्या तक्त्यात प्रस्तावनेला ओळ नाही, दुसऱ्या आवृत्तीला नाही, सामग्री विरोधकाच्या हाती देण्याला तर नाहीच. मत बदलणं हा या विषयातला सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी भाग आहे. त्याला शून्य.

इतकं लांब जायलाही नको. राम बापट पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत. २०१२ मध्ये ते गेले. चळवळीतले कार्यकर्ते, नाटकवाले, पत्रकार, संशोधक अशा कितीतरी लोकांची सिद्धांताशी ओळख त्यांच्या बोलण्यातून झाली. त्यांचं छापील लेखन त्या मानाने थोडं. महाराष्ट्रात राजकीय विचारांची चर्चा ज्यांच्यामुळे खोलवर गेली, त्यांत त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आजच्या फायलीत त्यांची पानं कुठे लावायची, ते आम्हाला सांगा.

आता पीएच.डी.बद्दल. हा भाग मुख्यतः अभ्यास मंडळांसाठी. २०२२ च्या नियमावलीने किमान ३ आणि कमाल ६ वर्षं दिली, दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायला सांगितली, आणि प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती काढली. यातलं बरंचसं चांगलं आहे. अडचण आराखड्याच्या छापील नमुन्यात आहे. बहुतेक ठिकाणी तो असा असतो : प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतकं, नमुना निवड, प्रश्नावली, सांख्यिकी तंत्र, प्रकरणांची मांडणी. विषय 'सत्तेची संकल्पना' असला तरी गृहीतकं हवीतच, आणि नमुना किमान शंभराचा हवाच. मग बिचारा विद्यार्थी काय करतो? 'लोकशाही समाजासाठी आवश्यक आहे' हे गृहीतक लिहितो, शंभर जणांना 'होय / नाही / सांगता येत नाही' विचारतो, त्यातून वर्तुळाकृती आलेख काढतो, आणि चौथ्या प्रकरणात ८७ टक्के लोकांना लोकशाही हवी असल्याचं 'सिद्ध' करतो. (आकडा आमचा, नमुन्यादाखल. असे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात कुणालाही सापडतील.)

हे का चुकतं ते नीट सांगायला हवं. ल्यूक्स यांचा मुद्दा खरा असेल, तर दबलेला माणूस प्रश्नावलीत समाधानी असल्याचंच सांगेल. म्हणजे ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा, तिनेच पुराव्याला रंग दिलेला असतो. सिद्धांताच्या प्रबंधाचा सांगाडा वेगळा असतो. प्रश्न. त्यावरच्या दोन-तीन विरोधी भूमिका, प्रत्येकीची सर्वांत बळकट बाजू मांडून. मग असं उदाहरण, जे आपल्या आवडत्या भूमिकेलाच अडचणीत आणतं. त्यानंतर दुरुस्त केलेली संकल्पना, आणि ती कुठे लागू पडत नाही याची कबुली. प्रत्यक्ष पुरावा लागलाच तर तो कागदपत्रांतून आणि तुलनेतून येतो : गॅरी आणि ईस्ट शिकागो, किंवा एकाच तालुक्यातली दोन गावं. या सांगाड्यासाठी नमुन्यात एक वेगळं पान छापा. काम एका बैठकीचं आहे.

साम्य तपासणीच्या सॉफ्टवेअरचाही एक घोळ आहे. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर वगळायला सांगितलं आहे. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही धरू नये असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात ग्रंथालयात यंत्राचा आकडा जसाच्या तसा प्रमाणपत्रावर उतरतो. आंबेडकरांच्या संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणावर प्रकरण लिहिणाऱ्याला तो उतारा द्यावाच लागणार, आणि तो हजार ठिकाणी आहे. आकडा चढतो. मग मार्गदर्शक सांगतात, 'शब्द बदल'. बाबासाहेबांचे शब्द बदलायचे! सिद्धांतात शब्द हाच पुरावा असतो, हे तपासणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. मराठीत उलटा प्रकारही होतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने देवनागरी नसतोच, रोमन अक्षरांची गिचमीड असते. तो कशाशीच जुळत नाही आणि अख्खा उचललेला प्रबंध स्वच्छ निघतो. युनिकोडमध्ये लिहिणारा प्रामाणिक विद्यार्थी मात्र अडकतो. युनिकोड सक्तीचं करा, आणि अवतरणं वगळून काढलेलाच आकडा ग्राह्य धरा.

नियतकालिकांच्या यादीबद्दल थोडक्यात. मान्य नियतकालिकांची २०१९ पासूनची 'केअर' यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि नियतकालिकाची पारख संस्थांवर सोपवली. यादीत दोष होतेच. नामवंत नियतकालिकांची हुबेहूब नक्कल केलेली संकेतस्थळं पैसे घेऊन आठवड्यात लेख छापत होती, आणि आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जाची मोहोर असा समज करून देत होती. तो क्रमांक फक्त नोंदणीचा असतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. पण आता पारख कोण करणार? महाविद्यालयाची समिती. त्या समितीत सिद्धांताचं मराठी नियतकालिक वाचणारा कुणी असेल याची खात्री नाही. 'नवभारत' किंवा 'समाज प्रबोधन पत्रिका' यांसारख्या ठिकाणी मराठीतला वैचारिक वाद पिढ्यानपिढ्या चालला. तिथल्या लेखाला गुण मिळणार की नाही हे तालुक्यागणिक बदलणार असेल, तर लोक तिथे लिहिणं सोडतील. भारतीय भाषांतल्या योगदानाचा तुम्ही मसुद्यात गौरव करता. मग सुरुवात इथून करा.

खरी गोष्ट आता सांगतो. वरचे सगळे दोष दुरुस्त झाले तरी एक उरतो, आणि तो सर्वांत मोठा आहे.

महाराष्ट्रातल्या सत्तेचा अभ्यास कुणी केला ते आठवून पाहा. वि. म. सिरसीकर यांचं ग्रामीण अभिजनांवरचं पुस्तक १९७० चं. ते पुणे विद्यापीठात होते. अँथनी कार्टर यांनी फलटण तालुक्यातल्या राजकारणावर १९७४ मध्ये लिहिलं. ते अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. बा. स. बाविस्कर यांचा कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याचा अभ्यास १९८० चा. ते दिल्लीत शिकवत. जयंत लेले यांनी १९८१ मध्ये डाल यांच्याच वादाला महाराष्ट्रात आणलं : इथे अनेक गट स्पर्धा करताना दिसतात, पण ते सगळे एकाच वर्गातले असतील तर त्याला बहुविधता म्हणायचं का? ते कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात होते. चौघांत एकही जण कारखान्याच्या किंवा पुढाऱ्याच्या शिक्षण संस्थेत नोकरीला नव्हता. हा योगायोग आहे असं आम्हाला वाटत नाही.

आज राज्यातल्या राज्यशास्त्राच्या शिक्षकांचा मोठा हिस्सा खाजगी शिक्षण संस्थांच्या महाविद्यालयांत आहे. अनेक संस्थांच्या अध्यक्षांकडेच जिल्हा बँक, कारखाना, बाजार समिती आणि पक्षाचं तिकीट असतं. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची नेमणूक सत्र संपलं की संपते आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत होते. त्याने तालुक्यातल्या सत्तेवर संशोधन करावं, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? कुणी त्याला धमकी देत नाही. विषय नाकारला जात नाही, कारण तो मांडलाच जात नाही. तो आपणहून 'अ‍ॅरिस्टॉटलचे राज्यविषयक विचार' घेतो. बाखराख आणि बॅराट्झ यांना उदाहरण हवं असतं तर आम्ही इथून पाठवलं असतं. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला. गोऱ्या साहेबाच्या सहीखाली कुलकर्णी आणि कारकून खरे निर्णय कसे करतात, हे त्यात इतकं स्पष्ट आहे की सत्यशोधक चळवळीच्या 'दीनबंधू' या पत्रानेही पहिले काही भाग छापून पुढचे छापणं थांबवलं. लिहिणाऱ्याचं पोट छापणाऱ्याच्या हातात नव्हतं, म्हणून ते पूर्ण झालं.

२०१८ च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षकांचं प्रमाण एकूण पदांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये अशी मर्यादा होती. महाराष्ट्रात तासिका तत्त्वाच्या नावाखाली ती आधीच वाऱ्यावर गेली होती. २०२५ च्या मसुद्यात ती मर्यादाच नाही. इतर विषयांसाठी हा वेतनाचा आणि सन्मानाचा प्रश्न आहे, आमच्यासाठीही आहे. पण सत्तेच्या अभ्यासकाची नोकरी कायम असणं हे त्याच्या संशोधनाचं साधन आहे, रसायनशास्त्रात तराजू असतो तसं. डाल यांनी आपल्याच शहराच्या महापौराबद्दल लिहिलं. ते लिहिताना पुढच्या सत्राची चिंता त्यांना नव्हती.

कागदपत्रं मिळण्याची अडचण याच्याच पोटातली. सहकारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत सरसकट येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं. त्यामुळे कारखान्याचं इतिवृत्त थेट मागितलं की नकार येतो. पण सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी निबंधकाला कायद्याने जी माहिती मिळवता येते, ती निबंधकाकडून मागता येते, हेही त्याच निकालात आहे. शिवाय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला ठराविक कागदपत्रं पाहता येतात. विद्यार्थ्याला हे कुणी सांगत नाही. तो एकदा अर्ज करतो, नकार घेतो आणि विषय बदलतो.

मागण्या अशा.

आयोगाकडे : अंतिम नियमावलीत एकट्याने लिहिलेल्या ग्रंथाला, समीक्षित अनुवादाला आणि विस्तारित नव्या आवृत्तीला 'उल्लेखनीय योगदान' म्हणून स्वतंत्र क्षेत्र द्या. ग्रंथाचं वजन निबंधाच्या किमान पाचपट असू द्या. निवड समितीने उमेदवाराच्या गुणांची बेरीज करण्याऐवजी त्याचं एक पुस्तक किंवा तीन लेख वाचून लेखी अभिप्राय द्यावा आणि तो उमेदवाराला मिळावा. सामाजिक शास्त्रांसाठी इम्पॅक्ट फॅक्टरचे वाढीव गुण काढून टाका. कंत्राटी नेमणुकांची १० टक्क्यांची मर्यादा परत आणा, आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक त्यात मोजा.

विद्यापीठांकडे : भारतीय भाषांतल्या नियतकालिकांची पारख करायला विद्यापीठ पातळीवर विषयवार समिती नेमा, तिचे निकष आणि सदस्यांची नावं संकेतस्थळावर टाका. संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकाचं स्थानिक संस्थांवरचं संशोधन 'संस्थेच्या प्रतिमेला बाधा' म्हणून कारवाईचा विषय होणार नाही, असा ठराव विद्या परिषदेत करा. तक्रार आली तर चौकशी संस्थेबाहेरच्या समितीकडे द्या. सहकार निबंधकांकडून संशोधकाला कागदपत्रं मिळावीत म्हणून विद्यापीठाच्या नावाने पत्र देण्याची सोय करा.

अभ्यास मंडळांकडे : प्रबंधाच्या आराखड्याचा दुसरा नमुना येत्या सत्रापासून लागू करा. साठ तासांच्या एका पेपरात प्लेटोपासून रॉल्सपर्यंत सगळे कोंबू नका, त्याने गाईडचा धंदा तेवढा चालतो. चार मूळ मजकूर घ्या आणि ते वाचूनच घ्या, त्यांतला एक मराठी असू द्या. नव्या धोरणानुसार एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचं कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प आहे. राजकीय सिद्धांताच्या मुलांना कुठे पाठवायचं हा प्रश्न अनेक विभागांना पडतो आणि शेवटी एखाद्या बँकेचं प्रमाणपत्र येतं. त्यांना ग्रामसभेला पाठवा. वर्षाला किमान चार सभा होतात. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. कोणते विषय पहिल्या सभेत येतात आणि कोणते तहकूब सभेत, याची नोंद ठेवायला सांगा. कोण बोललं, किती वेळ, बायका कधी बोलल्या, मागच्या सभेत कुणीतरी काढलेला विषय या वेळच्या पत्रिकेवर का नाही, आणि पत्रिका कुणी लिहिली. दोन गावं, चार सभा, एक वही. चार श्रेयांकांचं काम भरून वर उरेल, आणि बाखराख-बॅराट्झ यांचा १९६२ चा तो लेख मुलांना पाठ करावा लागणार नाही.

या पत्रावर जे कायम नोकरीत आहेत तेच सही करू शकले असते. बाकीच्यांनी नाव देऊ नका असं सांगितलं, म्हणून कुणीच नाव दिलेलं नाही.

आपले,
महाराष्ट्रातले राज्यशास्त्राचे काही शिक्षक आणि संशोधक